बाळ अंगावर पितंय आणि पाळी आली नाही… आत काही साठतंय का?

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की मोजायचं सोडून दिलं. सांगलीत माझ्याकडे मिरजेकडनं, तासगावकडनं बाया येतात, मांडीवर बाळ असतं आणि हळू आवाजात विचारतात, "मॅडम, एवढे महिने झाले, पाळीच नाही, काही बिघडलं असेल का?"

अशीच एक सव्वीसेक वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. शेजारणीने सांगितलेलं की रक्त आत साठून गाठ होते, म्हणून हिने रात्रीचं पाजणं बंद केलं, बाळ रडायचं, ही पण रडायची. टेस्ट निगेटिव्ह, डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक सांगितलं तरी भीती जाईना. तीन भेटी मी नुसतं ऐकलं. माझं पक्कं मत आहे, अशी भीती घरात तयार होते आणि घरातलं माणूस समोर बसल्याशिवाय सुटत नाही. चौथ्या वेळी म्हटलं, आत्यांना घेऊन ये.

आत्या आल्या, गप्पच. मी जनावरांचं विचारलं.

"एक गाय, दोन म्हशी."

"गाय व्याल्यावर माजावर कधी येते हो?"

"वासरू पीत असलं की लवकर न्हाई येत. तोडलं की येती." आणि बोलता बोलता त्या थांबल्या, सुनेकडं बघितलं. "म्हंजे हिचं बी तसंच?"

बाईची गाईशी तुलना केली म्हणून सून दुखावेल अशी मला धास्ती होती, पण ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. माझ्या कुठल्याच चार्टने हे झालं नसतं.

मग समजावलं. बाळ ओढतं तेव्हा नसांमधून निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला जातो. तिथनं जीएनआरएच हार्मोन थोड्याथोड्या वेळाने सुटतं, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि एलएचमुळे बीज बाहेर पडतं. सारखं पाजलं की जीएनआरएच सुटणंच मंदावतं, मग बीज सुटत नाही आणि पाळीही येत नाही, आत काही साठत नाही. यात आपल्याच मेंदूत तयार होणाऱ्या अफूसारख्या रसायनांचा, एंडॉर्फिनचा हात आहे, कारण पाजणाऱ्या गाई आणि डुकरिणींना ती रसायनं अडवणारं नॅलोक्सोन दिलं की एलएच वाढलेलं दिसलं. बायांमध्ये मात्र सगळं एंडॉर्फिनवर ढकलता येत नाही, तिथले पुरावे उलटसुलट आहेत. मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच, गाईला परकं वासरू लावलं तर हा परिणाम तसा टिकत नाही, स्वतःचं ओळखीचं वासरू लागतं. म्हणजे नुसतं ओढणं नाही, नातंसुद्धा लागतं, आणि मी इतकी वर्षं नात्यांवरच काम करतेय!

पण पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरू नका. 1988 साली इटलीत बेलाजिओला तज्ज्ञांनी ठरवलं की बाळ 6 महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध आणि पाळी परत आलेली नाही, हे तिन्ही असेल तर 98 टक्क्यांहून जास्त संरक्षण. एक जरी अट मोडली तर दुसरं साधन हवंच, कारण बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकतं. हिचं बाळ तर आठ महिन्यांचं, नाचणीचं सत्त्व खाणारं, म्हणून कॉपर टी बद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी आत्यांचाच फोन. "रातच्याला बाळ कुरकुरलं की मीच उठवते हिला, पाज म्हनते. आन् त्या तांबीचं कधी दाखवायला जायचं, मी येते संगं."