सूट अंगात घालायच्या आधी

भाऊ,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. पोरींच्या स्वसंरक्षणाच्या ट्रेनिंगमध्ये तुला फोमचा सूट घालून खोटा हल्लेखोर व्हायचंय, आणि वर लिहिलंस की मार खायची तयारी आहे. अरे मार तर फोम खातो. जाड हेल्मेट, तोंडापुढे जाळी, मानेला कॉलर, खाली गार्ड, मांड्यांना पॅड, एवढं सगळं अंगावर असतं. तुझं काम त्याच्यापेक्षा अवघड आहे, समोरच्या पोरीला खरंच धडकी भरेल इतकं खरं वागायचं आणि तिचा फटका नीट बसला की तिथल्या तिथे खाली बसायचं. पुरुषाच्या जातीला हे दुसरं जमायला लय वेळ लागतो, मला दोन वर्षं लागली.

ही पद्धत 1971 ला कॅलिफोर्नियात मॅट थॉमस नावाच्या माणसाने सुरू केली, मॉडेल मगिंग म्हणतात तिला. कराटेचा ब्लॅक बेल्ट असलेल्या एका बाईवर अत्याचार झाला आणि शिकलेलं काहीच तिच्या हाताला आलं नाही, तिथून त्याचं डोकं चालू झालं. कारण साधं आहे, अंगात अ‍ॅड्रेनलिन चढलं की छाती धडधडते, नजर अरुंद होते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, बोटांची बारीक कामं जमत नाहीत. काता, म्हणजे कराटेतले ठरलेले डाव एकट्याने हवेत करायचा सराव, तो करताना यातलं काही होत नाही ना. म्हणून ती भीती आधी हॉलमध्येच येऊन गेलेली बरी, जिथे शिट्टी आपल्या हातात आहे.

आता माझी एक चूक सांगतो. भुसावळला बॅच होती, त्यात चाळीसगावकडची एक पोरगी, किक इतकी सुंदर की बाकीच्या थांबून पाहायच्या. सीन असा की संध्याकाळची वेळ, एसटी स्टँड, शेवटची गाडी लागायची आहे. मी फक्त जवळ जाऊन म्हटलं, ए, नंबर दे ना. बस्स. ती गोठली. दोन्ही हातांनी बॅग छातीशी धरली, अंगठ्याची नखं पट्ट्यात रुतलेली, डोळे माझ्या बुटांवर. मी थांबायला पाहिजे होतं. मला वाटलं अजून थोडं ढकललं की आतून निघेल, म्हणून मी बोलतच राहिलो, अजून जवळ गेलो. पुढच्या रविवारी ती आली नाही, परत कधीच आली नाही. तो पट्टा मला अजून दिसतो.

तेव्हापासून पोरीच्या बाजूला एक ताई उभी असतेच असते, शिट्टी तिच्याकडे, आणि थांबवायचा हक्क तिचा आणि त्या पोरीचा, तुझा नाही. कोणी गोठली तर तोच सीन अर्ध्या वेगाने, लांबून, फक्त आवाजाचा. अर्ध्याहून जास्त सीनमध्ये तर हात लागतच नाही भाऊ, अंतर ठेवणं, तळहात पुढे, मोठा आवाज आणि निघून जाणं, झालं. एक मावशी होती, प्रमाण भाषेत 'मागे व्हा' म्हणताना तिचा आवाज फुटेना, म्हटलं घरी बोलता तसं बोला, तर अशी ओरडली, मांगे सरक, हात नको लावू माले! अख्खा हॉल दचकला. ओरडणं आपल्या बोलीतच येतं, कोणाला पुस्तकी वाक्य पाठ करायला लावू नको.

सीन संपतो तो पळून जाऊन 112 लावल्यावर, तू पडल्यावर नाही. थरथरत्या हाताने नंबर लावायचा आणि आधी ठिकाण सांगायचं, हे पण दरवेळी करून घ्यायचं. पडलेल्याला परत मारायला गेली तर ताई थांबवते, कारण स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44, पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. पळत्याच्या मागे लागून मारणं हा बचाव नाही, हे पोरींना कोणी सांगतच नाही.

आणि तुझ्या तब्येतीचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, त्या फोममध्ये माणूस शिजतो. म्हणून सकाळी सहाच्या सुमारास चालू, एक-दीड मिनिटाचा राऊंड, मग हेल्मेट काढायचंच, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. हेल्मेटने जखम वाचते पण डोक्याच्या आत बसणारा हादरा वाचत नाही, म्हणून गरगरलं, मळमळलं किंवा डोकं दुखायला लागलं की त्या दिवशी तू बाद, थेट डॉक्टरकडे. मी ठीक आहे म्हणून परत उभा राहिलास तर सूट काढून घेईन.

या रविवारी साडेपाचला ये. पहिले चार रविवार तू सूट घालणार नाहीस, ताईच्या मागे बसून फक्त पोरींचे हात पाहायचे, कोणाची मूठ कधी वळते, कोण बॅग घट्ट धरते, ते मला येऊन सांगायचं. टॉवेल दोन आण, पाण्याची बाटली मोठी आण.