घरबसल्या वायमार काळातील बर्लिनचा शोध

प्रश्न : इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस संशोधनासाठी बर्लिनमध्ये होत्या. त्या वायमार काळातील (१९१९ ते १९३३ च्या जर्मन प्रजासत्ताकातील) बर्लिनचे विद्यापीठ, वर्तमानपत्रे, नाटक-सिनेमा यांविषयी मूळ साधनांतून वाचण्याची माझी इच्छा आहे. जर्मन मला जेमतेम वाचता येते आणि तिकडे जाणे शक्य नाही. इंटरनेटवर शोधले की इंग्रजीतील संक्षिप्त माहितीच समोर येते. सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : सगळे काही एकाच ठिकाणी सापडेल, ही अपेक्षा प्रथम सोडून द्यावी. जर्मन भाषकांचा इतिहास अनेक राज्यांत विभागलेला आहे आणि कागदपत्रेही तशीच विखुरलेली आहेत. म्हणून विषय टाइप करण्याआधी, आपल्याला हवा तो कागद कोणत्या कार्यालयात तयार झाला असेल, याचा विचार करावा. राइखच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन केंद्र सरकारच्या, मंत्रालयांचे दप्तर बुंडेसआर्किव्ह या संघीय अभिलेखागारात आहे. बर्लिन विद्यापीठ मात्र प्रशिया या जर्मनीतील घटक राज्याच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत होते, त्यामुळे त्याविषयीचा सरकारी पत्रव्यवहार बर्लिनमधील डालेम येथील प्रशियन राज्य अभिलेखागारात शोधावा लागतो. इरावतीबाई ज्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत काम करत होत्या, ती १९२७ मध्ये स्थापन झाली. तिच्या मातृसंस्थेचे, म्हणजे कैसर विल्हेल्म सोसायटीचे, कागद आज माक्स प्लांक सोसायटीच्या अभिलेखागारात आहेत. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर होते आणि पुढे नाझींच्या वंशविषयक धोरणाला या संस्थेने हातभार लावला, हे लक्षात ठेवूनच ते कागद वाचावेत. अनेक अभिलेखागारांच्या सूची ‘आर्किव्हपोर्टाल-डी’ या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. मात्र सूचीत नोंद आहे म्हणजे पाने पडद्यावर वाचता येतीलच असे नाही.

आपल्यासाठी खरा खजिना वर्तमानपत्रांत आहे. २०२१ मध्ये सुरू झालेले ‘डॉइचेस त्साइटुंग्सपोर्टाल’ आणि ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००३ पासून चालवलेले ‘आनो’ ही जुन्या वर्तमानपत्रांची दोन्ही ऑनलाइन दालने विनामूल्य आहेत. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या ‘फोरवेर्ट्स’ या मुखपत्राचे १९३३ पर्यंतचे अंक फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानने उपलब्ध केले आहेत. बर्लिनसाठी व्हिएन्नाची पत्रे वाचण्यात मला विशेष लाभ वाटतो, कारण दोन्ही शहरांतील रंगभूमीचे संबंध घनिष्ठ होते आणि शेजारच्या राजधानीतून लिहिणारा समीक्षक बर्लिनकरांना सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी टिपतो. व्हिएन्नातून १९२४ पासून निघणारे ‘डी ब्यूने’ हे सचित्र नियतकालिक ‘आनो’वर अवश्य चाळावे.

हे अंक बहुधा फ्राक्टुर या जुन्या वळणाच्या लिपीत आहेत. त्यातील लांब ‘एस’ संगणक अनेकदा ‘एफ’ असा वाचतो, त्यामुळे शब्द पानावर असूनही शोधात सापडत नाही. अशा वेळी तारीख धरून अंक उघडणे आणि पाने स्वतः पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे. सरावासाठी जुलै १९३० घ्यावा : त्या महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर बर्लिनला आले होते आणि जवळच्या कापुट गावी आइन्स्टाइन यांना भेटले होते. व्यक्तिनामे ओळखीची असल्याने जेमतेम जर्मन येणाऱ्यालाही अशा बातम्यांचा माग काढता येतो. हस्तलिखित पत्रे त्याहून कठीण असतात. त्यांच्या वाचनाला ‘ट्रान्सक्रिबुस’ ही हस्ताक्षर ओळखणारी प्रणाली मदत करते, पण तिचे वाचन मूळ पानाशी ताडून पाहावे.

एका संग्रहाविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. त्या काळच्या बर्लिन-व्हिएन्नातील वैद्यक, पत्रकारिता, प्रकाशन, रंगभूमी या क्षेत्रांत ज्यू नागरिकांचा मोठा वाटा होता आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर त्यांतील जे देश सोडू शकले, त्यांच्याबरोबर त्यांचे कागदही परदेशी गेले. म्हणून केवळ जर्मनीतील अभिलेखागारे पाहणाऱ्याला त्या शहराचा मोठा भाग दिसतच नाही. जर्मन भाषक ज्यूंच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या, १९५५ मध्ये स्थापन झालेल्या लिओ बेक संस्थेच्या न्यूयॉर्क येथील संग्रहातील पत्रे, कौटुंबिक छायाचित्रे आणि आठवणींची हस्तलिखिते मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन आहेत. काही आठवणी टंकलिखित आहेत, काही इंग्रजीतही आहेत. फ्रँकफर्ट विद्यापीठ ग्रंथालयाच्या ‘कॉम्पॅक्ट मेमरी’मध्ये जर्मन-ज्यू नियतकालिके आहेत.

लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे अलीकडच्या काळाचे साहित्य तुलनेने कमी मिळेल. एखादी धारिका फक्त सूचीत दिसली, तर तिचा पूर्ण क्रमांक देऊन संबंधित अभिलेखागाराला इंग्रजीत ई-मेल करावा आणि प्रती काढण्यास किती खर्च येईल हे आधीच विचारून घ्यावे.