पीएचडीच्या पहिल्या वर्षासाठी काही सूचना

पदव्युत्तर परीक्षेत क्वांटम यांत्रिकीला उत्तम गुण मिळाले असले, तरी संशोधनात प्रश्नपत्रिका कोणी काढून देत नाही, हे पहिल्या काही महिन्यांतच आपल्या लक्षात येईल. विषयापेक्षा मार्गदर्शक आधी निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्याकडे प्रबंध पूर्ण होण्यास किती वर्षे लागतात, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.

नोंदवहीबाबत मात्र मी हट्टी आहे. १९६७ मध्ये केंब्रिज येथे पीएचडी करणाऱ्या जोसेलिन बेल रेडिओ दुर्बिणीच्या आलेखांच्या लांबलचक कागदी पट्ट्या स्वतः तपासत होत्या, म्हणूनच क्षुल्लक वाटणारी एक खूण त्यांच्या नजरेतून सुटली नाही आणि पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारा फिरता तारा, सापडला. (१९७४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांच्या मार्गदर्शकांचे नाव होते, त्यांचे नव्हते, हेही ठाऊक असू द्यावे.) तेव्हा मोजमापातील विसंगती केवळ गोंगाट म्हणून वगळण्यापूर्वी तारीख, उपकरणाची मांडणी आणि तापमान यांसह तिची नोंद करावी.

अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावरील नवे निबंध रोज चाळावेत, सगळे वाचू नयेत. प्रबंधातील कार्यपद्धतीचे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहावे. नंतर बारकावे आठवत नाहीत.