ऑटोकॅडमध्ये रेघ अगदी अचूक कशी काढायची? झूम करून जुळवली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये भिंतीची रेघ ३००० मिलिमीटरची हवी, पण माप २९९९.८७ येतं. कोपरा डोळ्यांना जुळलेला दिसतो, तरी हॅच (बंद आकाराच्या आत भरायची नक्षी) भरत नाही. मग भरपूर झूम करून टोकं जुळवली तर काम होईल का?

नाही होणार. झूम केल्याने फरक लहान होतो, जात नाही. फाइलमध्ये रेघ म्हणजे फक्त दोन टोकांचे कोऑर्डिनेट (जागा सांगणारे आकडे), आणि ते साधारण १५-१६ अंकांपर्यंत नेमके साठवलेले असतात. नुसतं क्लिक केलंत की कर्सर ज्या पिक्सेलवर असेल तिथला आकडा घेतला जातो. पडद्याच्या रुंदीत २००० पिक्सेल आणि १० मीटरचं ड्रॉइंग दिसत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे ५ मिलिमीटर. दहापट झूम केलंत तर अर्धा मिलिमीटर. कितीही आत शिरलात तरी हात शून्यावर थांबत नाही.

म्हणून बिंदू द्यायचा तो एकतर आकडा टाइप करून, नाहीतर ऑब्जेक्ट स्नॅपने आधीचा बिंदू पकडून. हे आजचं नाही. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत लिहिलेल्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा लाइट पेन (पडद्यावर रोखायचं पेन) एखाद्या बिंदूच्या जवळ नेलं की प्रोग्रॅम तो बिंदूच नेमका धरायचा, कारण हाताचा नेमकेपणा पुरणार नाही हे तेव्हाच स्पष्ट होतं.

आडव्या-उभ्या रेघांसाठी एफ-८ दाबून ऑर्थो चालू करा, लाइन कमांड द्या, पहिला बिंदू घ्या, माउस फक्त दिशेला सरकवा आणि ३००० टाइप करून एंटर मारा (अंक अर्थात इंग्रजीत). माझं निम्म्याहून जास्त काम एवढ्यावर होतं. तिरक्या रेघेला @३०००<३०. यातला @ म्हणजे मागच्या बिंदूपासून, आणि कोन मोजायचा तो उजवीकडच्या आडव्या दिशेपासून, घड्याळाच्या उलट.

इथे एक गोष्ट नव्या माणसाला फार छळते. एफ-१२ ने डायनॅमिक इनपुट (कर्सरजवळच आकडे टाइप करायची सोय) चालू असेल, तर दुसऱ्या बिंदूसाठी नुसतं ५००,२०० लिहिलं तरी मूळ सेटिंगमध्ये ते मागच्या बिंदूपासून धरलं जातं. ते बंद असेल, तर तेच ५००,२०० ड्रॉइंगच्या मूळबिंदूपासून (०,० पासून) मोजलं जातं. आकडे तेच, रेघ मात्र दोन वेगळ्या जागी. डायनॅमिक इनपुट चालू असताना मूळबिंदूपासूनच मोजायचं असेल तर आधी # लावा. कुणाचं ट्यूटोरियल बघून करताना रेघ भलतीकडे गेली, तर आधी एफ-१२ तपासा.

आता स्नॅप. एफ-३ ने चालू-बंद होतो तो ऑब्जेक्ट स्नॅप. एफ-९ चा ग्रिडचा स्नॅप वेगळा, त्याची तुम्हाला इथे गरज नाही. कायम चालू ठेवायचे ते एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर आणि इंटरसेक्शन. बाकीचे लागतील तेव्हा शिफ्ट धरून राइट क्लिक करून तेवढ्यापुरते घ्या. नीअरेस्ट तर कायमचा चालू कधीच ठेवू नका. तो रेघेवरचा कुठलाही बिंदू पकडतो. टोकाच्या अगदी जवळचा बिंदू धरला की खूण दिसते, स्नॅप झाल्याचं समाधान मिळतं, आणि रेघ टोकाच्या किंचित अलीकडेच सुटलेली असते. तुमचा ०.१३ मिलिमीटरचा फरक बहुधा असाच आला असावा.

कोपऱ्यापासून ४५० वर खिडकी सुरू करायची असेल, तर त्यासाठी मदतीच्या रेघा काढून नंतर पुसत बसू नका. बिंदू मागितला की फ्रॉम लिहा, कोपरा पकडा, @४५०,० द्या.

सगळं बरोबर करूनही कोपरा जुळत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये दोन्ही टोकांचा झेड बघा. दुसऱ्याकडून आलेल्या सर्व्हेच्या ड्रॉइंगवर स्नॅप केलं की वेगळी उंची पकडली जाते. वरून बघताना रेघा भिडलेल्या दिसतात, प्रत्यक्षात एक वर असते, एक खाली. ओस्नॅपझेड १ केलं की स्नॅप झालेला बिंदू चालू उंचीवर येतो.

आणि युनिट्समध्ये प्रिसिजन शून्य ठेवू नका. शून्य ठेवलं की २९९९.८७ ची लांबी तुम्हाला ३००० दिसते आणि चूक झाकली जाते. काम करताना चार दशांश ठेवा. छापील मापांचं राउंडिंग डायमेन्शन स्टाइलमध्ये करता येतं.

आत्ताचं ड्रॉइंग पुन्हा काढायची गरज नाही. लिस्ट कमांडने आधी रेघेचा कोन बघा. ९० ऐवजी ८९.९८ असेल, तर ती रेघ पुसून नव्याने काढणंच बरं. कोन बरोबर असेल तर लेंग्थन, टोटल, ३००० असं देऊन लांबी दुरुस्त करा. कोपऱ्यांना फिलेट (दोन रेघा कोपऱ्यात जोडणारी कमांड) द्या आणि दुसरी रेघ निवडताना शिफ्ट धरा. त्रिज्या शून्य धरली जाते आणि दोन्ही टोकं एकाच बिंदूवर येतात. एकावर एक पडलेल्या रेघा ओव्हरकिलने जातील. फिलेटने कोपऱ्यांवरची टोकं थोडी सरकलेली असू शकतात, म्हणून शेवटी डिस्ट कमांडने एंडपॉइंट ते एंडपॉइंट माप एकदा घ्या.

हॅचचा गॅप टॉलरन्स वाढवून फट तशीच ठेवणं, किंवा डायमेन्शनवर हाताने ३००० लिहिणं, हे दोन्ही मला अजिबात पटत नाही. लेझर कटिंगचं मशीन भूमिती वाचतं, तुम्ही वर लिहिलेला आकडा नाही. पुढे भिंत सरकवलीत तरी हाताने लिहिलेलं ३००० बदलत नाही, आणि ते माप हाताने लिहिलेलं आहे हे ड्रॉइंग वापरणाऱ्याला नुसतं बघून कळत नाही.