एबीजी रिपोर्ट: क्लेम तपासताना आधी काय बघायचं

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी; आरोग्य विम्याच्या क्लेमसोबत तिचा रिपोर्ट येतो. त्यावर आकड्यांची गर्दी असते. घाबरू नका, सुरुवातीला चारच बघा: पीएच म्हणजे रक्ताची आम्लता (7.35 ते 7.45), कार्बन डायऑक्साइड (35 ते 45), बायकार्बोनेट (22 ते 26) आणि ऑक्सिजन, म्हणजे पीएओटू (साध्या हवेवर 80 ते 100). ॲनायन गॅप वगैरे बाकीचे आकडे नंतर.

नवीन माणूस हमखास फसतो तो ऑक्सिजनपाशी. ‘पीएओटू 90, नॉर्मल, आयसीयूची गरज नव्हती’ असा शेरा मारून मोकळा होतो. पण नमुना घेताना पेशंट किती ऑक्सिजनवर होता? साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के. 50 टक्के देऊनही 90च येत असेल, तर 90 भागिले 0.5, म्हणजे 180. हा भागाकार 300च्या खाली गेला की फुप्फुसं अडचणीत आहेत असं समजा. टक्का रिपोर्टवर नसेल तर नर्सिंग चार्ट मागवा. अंदाजाने क्लेम नाकारायचा नाही, म्हणजे नाहीच.

आणखी काही:

- नमुन्याची वेळ बघा. उपचारानंतरचा चांगला रिपोर्ट भरती होतानाची अवस्था सांगत नाही.
- पीएओटू 40 आणि त्याच वेळी बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनवर 97 टक्के? बहुधा धमनीऐवजी शिरेतलं रक्त गेलंय.
- कार्बन डायऑक्साइड 60, बायकार्बोनेट वाढलेलं, पीएच मात्र जवळपास नॉर्मल: त्रास जुना असू शकतो, उदाहरणार्थ सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार). पण ‘आधीपासूनचा आजार’ हा शिक्का एकट्या एबीजीवर मारू नका. जुने कागद मागवा, मेडिकल ऑफिसरला विचारा.