रायबोसोमच्या संशोधनात फिजिक्सवाल्याचं काय काम?

प्रश्न असा आहे: “बेळगावात बी.एस्सी. करतोय, विषय फिजिक्स. रायबोसोमसारख्या अवाढव्य रेणूंच्या रचनेवर काम करायची इच्छा आहे. पण एकेका पेपरवर पंधरा-वीस नावं दिसतात. एवढी माणसं करतात तरी काय? आणि बारावीनंतर बायोलॉजी सोडलेल्याला तिथे कोण विचारणार?”

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. त्याच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले वेंकी रामकृष्णन यांनी १९७१ साली बडोद्यातून बी.एस्सी. केली ती फिजिक्सचीच. अमेरिकेत पीएच.डी. केली तीही फिजिक्समध्ये. ती झाल्यावर परत विद्यार्थी होऊन बायोलॉजी शिकायला बसले. तेव्हा तेवढ्यासाठी झोप घालवू नका.

आता पंधरा-वीस नावांचं. मी खानापूर तालुक्यातला. वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारे होते. कास्टिंग मशीनवर चढलं की आतलं ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, दिसायचं, आणि मग मशीन शॉपवाला मोल्डरला, मोल्डर कोअरवाल्याला, कोअरवाला भट्टीवाल्याला बोल लावायचा. आमच्या रायबोसोमच्या धंद्यात काही वेगळं नाही. चूक होते पहिल्या टप्प्यावर, दिसते शेवटच्या, आणि मधे महिना गेलेला असतो.

जिवाणूच्या एका रायबोसोमचं वजन साधारण २५ लाख डाल्टन (एक डाल्टन म्हणजे जवळजवळ एका हायड्रोजन अणूचं वजन), रुंदी २० नॅनोमीटरच्या आसपास. ३ आरएनए आणि पन्नासच्या वर प्रथिनं मिळून तो बनतो. एकाने जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि साखरेच्या द्रावणावर घालून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रायबोसोम वेगळे करायचे. हो, साखरच! आपल्या उसात असते तीच, फक्त बाटलीवरची किंमत बघून कारखानदारही चाट पडेल. लहान भागाला ३०एस म्हणतात, मोठ्याला ५०एस, आणि दोन्ही जोडले की होतं ७०एस. बेरीज चुकलेली नाही. ‘एस’ हे वजन नसून बुडण्याच्या वेगाचं माप आहे, आणि वेग असे बेरजेत येत नाहीत.

दुसऱ्याचं काम ग्रिडचं, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नमुना ठेवायच्या जाळीचं. तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर तीन मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, फिल्टर पेपरने क्षणभर टिपायचा आणि जाळी द्रव इथेनमध्ये सपकन सोडायची. पाणी इतक्या झटकन गोठतं की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखं होतं. टिपणं कमी पडलं तर बर्फ जाड, जास्त झालं तर थेंबच गेला. तेच यंत्र, तोच कागद, पण एकाच्या हाताला ग्रिड येतं आणि दुसऱ्याच्या येत नाही. ही पद्धत झॅक द्युबोशे यांची. २०१७ चं नोबेल त्यांना योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासोबत मिळालं.

माझी फजिती इथली नाही, बसमधली आहे. तेव्हा मी पुण्यात होतो आणि मायक्रोस्कोप बेंगळुरूला. रायबोसोमच्या नळ्या थर्मोकोलच्या डब्यात ड्राय आइसमध्ये घालून रात्रीच्या खाजगी बसने निघालो. तवंदी घाटात बस बंद. दुसरी गाडी येते येते म्हणत सकाळ उजाडली. निपाणीच्या मामेभावाला फोन केला, “बर्फ आण.” तो बिचारा दुधाच्या कॅनमध्ये बर्फ भरून बाइकवर आला. आता ड्राय आइस उणे ७८ अंशाचा आणि त्याचा बर्फ शून्याचा! त्याला कसं सांगू? हसलो आणि आणलेला चहा प्यालो. बेंगळुरूला पडद्यावर बघतो तर अर्ध्याहून जास्त रायबोसोम सुटे, ३०एस एकीकडे, ५०एस एकीकडे. पंधरा दिवस मी बसला शिव्या दिल्या. मग एका मैत्रिणीने बफरची, म्हणजे रायबोसोम ज्यात ठेवतात त्या क्षारांच्या द्रावणाची, वही तपासली. मॅग्नेशियम कमी पडलं होतं, आणि ते कमी पडलं की दोन्ही भाग सुटतात. बफर मीच बनवला होता.

तुमचं फिजिक्स लागतं ते यापुढे. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने नमुना जळतो, म्हणून मारा अगदी थोडा ठेवावा लागतो, आणि प्रत्येक फोटो म्हणजे नुसता करडा कल्ला. तसे लाखो कण दिशेप्रमाणे जुळवून सरासरी काढली की आकार वर येतो. पण सगळे कण एकाच अवस्थेत नसतात. रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं जोडतो, त्यात लहान भाग मोठ्या भागावर काही अंश फिरतो आणि परत येतो. २००० साली फ्रँक आणि राजेंद्र अग्रवाल यांनी ही हालचाल दाखवली. आंधळेपणाने सरासरी काढली तर हलता भाग पुसटच दिसणार. कणांची वर्गवारी कशी करायची, दिसतंय ते खरं की आपल्या सॉफ्टवेअरची कल्पना, हे सगळं संख्याशास्त्र आणि प्रकाशशास्त्र. बायोलॉजीवाले इथे तुमच्यासारख्याचीच वाट बघत असतात. मात्र नुसता कॉम्प्युटरवर बसणारा माणूस मला पटत नाही. एकदा तरी बफर स्वतः बनवा, निदान बससारख्या निरपराध वाहनाला दोष देणार नाही.

आत्ता काय कराल? विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, तिला अर्ज करा. बेंगळुरूला जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) सुविधा आहे, इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी क्ष-किरणांची बीमलाइन आहे. अर्जात “रायबोसोममध्ये रस आहे” एवढंच लिहू नका, फूरिये रूपांतर हाताने सोडवलंय असं लिहा, आणि खरंच सोडवा. बेंगळुरूत आणखी एक गोष्ट कामाला येईल, आपलं सीमाभागातलं मोडकंतोडकं कन्नड. द्रव नायट्रोजनची टाकी घेऊन येणाऱ्या मामांशी मी तेवढ्याच कन्नडमध्ये बोलायचो, आणि शनिवारी टंचाई असली तरी आमची टाकी आधी भरायची.