कोऱ्या पावत्या

"मॅडम, सोडलं तर सगळं बंद पडतंय. आणि धरून ठेवायचं म्हणलं तर आता माझ्यानं होईना गेलंय."

हे वाक्य लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी किती तोंडून ऐकलंय. वाचनालय चालवणारे निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या ताई, गणेश मंडळाचे कायमचे अध्यक्ष. ह्या वेळी बोलत होते मांजरा नदीच्या काठच्या एका गावातल्या नदी-गटाचे म्होरके. गाव कोणतं ते सांगत नाही, काही तपशीलही बदललेत. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणते. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, सबमर्सिबल मोटरींचं जळालेलं वाइंडिंग भरून देण्याचं दुकान, बोटांच्या पेरांवर वार्निशचे पिवळट डाग.

दर रविवारी सकाळी साडेसहाला नदीवर. जलपर्णी ओढायची, निर्माल्याच्या पिशव्या गोळा करायच्या, काठावरच्या येड्या बाभळी तोडायच्या. उन्हाळ्यात लोकवर्गणी करून पोकलेन लावायचं, गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांना न्यायला सांगायचं. सुरुवातीला चाळीसेक माणसं यायची. आता सहा-सात, त्यातले दोन फोटो काढायला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आले, मांजरा पात्र सोडून शेतांत शिरली, तेव्हा गटानं तीन वर्षं जगवलेली झाडं एका रात्रीत गेली. ते भाऊंनी सोसलं. दिवाळीनंतर गटाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी एक ओळ टाकली, "डिझेलचा हिशेब कधी मिळणार?" आणि खाली चार अंगठे आले. ते मात्र सोसलं नाही.

त्यांनी माझ्या टेबलावर एक प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली. "हा बघा हिशेब. एकबी पावती टाकली नाही मी."

पेट्रोल पंपावरच्या त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या होत्या, शंभरावर असतील. मी एक उचलली, दुसरी उचलली. सगळ्या कोऱ्या. तसल्या कागदावरची छपाई उन्हानं, उबेनं उडून जाते, आणि पिशवी दुकानात पत्र्याखाली ठेवलेली. भाऊंना हे माहीत होतं. तरीही त्यांनी त्या जपल्या होत्या आणि तरीही त्या मला दाखवायला आणल्या होत्या. माणूस प्रामाणिक आहे याबद्दल माझ्या मनात तेव्हाच शंका उरली नाही. पण ग्रुपवर उत्तर काय द्यायचं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

आधी नेहमीची विचारपूस केली. झोप? रात्री तीनला जाग, मग नाहीच. जेवण? बरं. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का? हा प्रश्न मी आडवळणानं विचारत नाही. विचारल्यानं विचार येतो, ही भीती खोटी आहे. भाऊ म्हणाले, "नाही हो, तेवढं नाही. चीड येते नुसती." हे विचारणं गरजेचं होतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, कशातच मन लागत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं असेल, तर तो नुसता कामाचा शीण नसतो. तिथं मानसोपचार डॉक्टरांकडे जायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

भाऊंचं तसं नव्हतं. ज्याला आपण सर्रास 'बर्नआउट' म्हणतो ते होतं. हा शब्द ऑफिसातल्या माणसांसाठीच आहे असा समज आहे. पण फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये त्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक पाहून. पगार नाही, सुट्टी नाही, कुणी थांब म्हणणारं नाही, अशी ती माणसं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. हा आजार नाही, कामातून येणारी अवस्था आहे, असंही सांगितलं. व्याख्येत त्यांनी नोकरी धरली आहे, रविवार सकाळ धरलेली नाही. मी धरते.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, एक महिना नदीवर जाऊच नका." पुस्तकी सल्ला. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा डोळे आणखी लाल. नदीवर गेले नव्हते, सांगितल्याप्रमाणे. दोन्ही रविवारी पुलावर गाडी लावून, वरून मोजत होते, कोण आलं, किती आले. पहिल्या रविवारी पाच. दुसऱ्या रविवारी तीन, त्यातला एक गुरं घेऊन आलेला. गटाचा नव्हताच.

अशा माणसाला विश्रांती सांगितली की त्याला ती शिक्षा वाटते, हे मला समजायला हवं होतं. मोटर कोरडी पळाली की जळते वगैरे उपमा तोंडावर आली होती. गिळली. त्यांच्याच धंद्याची उपमा त्यांनाच काय द्यायची.

पुढच्या वेळी मी वहिनींना सोबत आणायला सांगितलं. घरच्या बाईची तक्रार असणार, घराकडं लक्ष नाही, ही माझी अटकळ. वहिनी म्हणाल्या, "नदीवर गेलेलं मला चालतंय मॅडम. पोरं बी जातेत कधीमधी. पण रविवारी नदीवर आन् सोमवार ते शनिवार ग्रुपवर. रात्री एक-एक वाजेपर्यंत टाइप करायलेत आन् पुसायलेत. पाठवत तर काहीच नाहीत." मग थांबून, जरा हळू, "त्या पोरीला फोन करा म्हणलं तर ते बी नाही."

त्या पोरीचं भाऊंनी मला काहीच सांगितलं नव्हतं.

कृषी महाविद्यालयात शिकणारी मुलगी, दोन वर्षं न चुकता येणारी. तिनं दोन गोष्टी काढल्या होत्या. एक, हिशेब महिन्याच्या महिन्याला ग्रुपवर टाका. दुसरी जास्त झोंबणारी: जुन्या घाटाखालच्या डोहात पोकलेन घालू नका. सगळीकडं एकसारखं खोल केलं तर नदीचा कालवा होईल, उन्हाळ्यात मासे त्या डोहातच तग धरतात, काठची करंज-निर्गुडी खरवडली तर पुढच्या पुरात काठच ढासळेल. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तू जन्मली नव्हतीस तवापासून ही नदी बघायलोय मी." ती यायची थांबली, तिच्या मागं आणखी सहा-सात जण थांबले. भाऊंच्या लेखी ते सगळे 'लोक टिकत नाहीत' या खात्यात जमा झाले.

"भाऊ, गटात कामं वाटलेली आहेत का?"

"आहेत की. सगळ्यांना वाटून दिलीत."

"आणि कोणतं काम कुठं करायचं, मशीन कधी लावायची, पैसे कशावर खर्च करायचे, हे कोण ठरवतं?"

ते हसले. प्रश्नाचा रोख त्यांना कळला होता. खुरपं त्यांनी सगळ्यांना दिलं होतं, ठरवायचं स्वतःकडं ठेवलं होतं. नुसतं खुरपं मिळालेला माणूस दोन-चार रविवार येतो, मग त्याला शेत आठवतं, पाहुणे आठवतात. हे मी जवळजवळ प्रत्येक गटात पाहिलंय, आणि म्होरक्याला ते शेवटी दिसतं.

पण भाऊंना सोडवत का नव्हतं, ते चौथ्या भेटीत निघालं. मी सहज विचारलं, नदीचं वेड कधी लागलं? ते म्हणाले २०१६. मला वाटलं, दुष्काळ बघून. लातूरला त्या वर्षी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांवर भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. इथल्या कुणालाही ते साल विचारा, घागरींच्या रांगा आठवतात. मी तशी मान हलवली.

"तसं नाही मॅडम," भाऊ म्हणाले. "दुष्काळात माझा धंदा जोरात असतो. बोअर आटतात, मोटरी कोरड्या पळतात, जळतात. त्या उन्हाळ्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या मोटरी. पैसा आला. घराचा स्लॅब टाकला."

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"स्लॅबला पाणी मारावं लागतंय. वर वाफे करून पाणी भरून ठेवायचं, एकवीस दिवस. टँकर इकत घेतला. खाली गल्लीत बायका घागरी घेऊन बसलेल्या. शेजारची म्हातारी वर बघून म्हणली, भाऊ, सिमेंटला तहान लई लागती का रे."

म्हातारी पुढच्या वर्षी गेली, वयानं. भाऊंनी त्याच वर्षी नदीचं काम सुरू केलं.

आता 'डिझेलचा हिशेब कधी मिळणार' ही साधी ओळ त्यांना रात्री तीनला का उठवत होती, ते कळलं. विचारणाऱ्यानं डिझेलचं विचारलं, यांना टँकरचं ऐकू आलं. 'तुमचा काही दोष नव्हता' असं मी म्हटलं नाही. तसं म्हणून कुणाचं ओझं उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. मी एवढंच विचारलं, "भाऊ, किती रविवार झाले की फिटेल?"

त्यांनी खरंच हिशेब केला. माणूस हिशेबी आहे. आठ वर्षांच्या वर, वर्षाचे पन्नास रविवार धरून. मग म्हणाले, "चारशेच्या वर झाले की." आणि रडले. मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. त्यांनी अर्धाच प्यायला आणि उरलेला झाकून ठेवला. आपल्याकडची सवय.

यानंतरचं काम साधं होतं, म्हणून थोडक्यात. ज्या पावत्या उडाल्या त्या उडाल्या, हे ग्रुपवर स्पष्ट लिहायचं. त्यांच्या वहीतल्या नोंदी दोन जणांनी बसून पंपवाल्याच्या खात्याशी ताडून बघायच्या, आणि त्या दोघांत भाऊंचा माणूस नको. इथून पुढं पावती मिळाली की त्याच दिवशी फोटो. ग्रुप रात्री नऊनंतर बघायचा नाही, फोन वहिनींकडं. यावर वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडं कशाला, टीव्हीवर ठेवा." बरोबर होतं त्यांचं, नवऱ्याची राखण हे आणखी एक काम त्यांना कशाला.

मुलीला फोन करायचा सराव आम्ही खोलीत दोनदा केला. मी मुलगी झाले. प्रत्यक्षात भाऊंनी फोन केला आणि दहा मिनिटं नदीवर भाषण दिलं. तिनं "हो काका" म्हणून ठेवला. आठवड्यानं त्यांनी एका ओळीचा मेसेज टाकला: डोहात मशीन घालायची का नाही, तू ठरव. तिचं उत्तर आलं, "मी एकटीनं का ठरवू? बैठक घ्या."

बैठक झाली, अकरा जण आले. डोहाला हात लावायचा नाही असं ठरलं. भाऊंनी विरोधात हात वर केला आणि ते हरले. मला सांगताना हसत होते, थोडे दुखावलेले होते, दोन्ही. मधे एका रविवारी कुणीच गेलं नाही, लग्नाची तीथ दाट होती. भाऊ पुलावर गेले नाहीत. दुकानात बसून मोटर भरली, असं म्हणाले, पण तीनदा फोन बघितला हेही सांगितलं. तीनला जाग अजून कधीकधी येते.

हे लिहून झाल्यावर मी त्यांना वाचायला दिलं आणि म्हटलं, स्लॅबचं काढून टाकते, गावात कुणी ओळखेल. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"राहू द्या ते. ओळखलं तर ओळखू द्या," म्हणाले. "फक्त तुम्ही जळालेली तार लिहिलंय, तिथं वाइंडिंग लिहा. तार म्हणलं की लोकं हसतील."

मग मी ते वाक्यच काढून टाकलं.